साडेचारची फेरी

डोकं सांभाळा. इथून दार बुटकं होतं.
बिशप असो की हमाल, वाकल्याशिवाय कुणी खाली आलं नाही.
विटा चुन्यात बसवल्यात. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातलाय म्हणतात,
मी काही फोडून पाहिलं नाही.
धरणी हलली की वरचे मनोरे कोसळतात,
हे तळघर मात्र अंग चोरून पडून राहतं.
मोबाइल बंद. बाळ रडलं तर रडू द्या,
इथल्यांना त्याचं काही नाही.

वर मठात तुम्ही पाहिलंत सगळं:
कातड्यावर लिहिलेली ती स्तोत्रं,
एकेक पान उलटायला दोन भिक्षू लागायचे.
सेव्हिलहून जहाजानं आलेल्या निळ्या फरशा.
त्यातली एक उलटी बसलीय. दिसली कुणाला?
नाही ना.
मलाही सहा वर्षं लागली.

तर हे लिमा. जुनं लिमा, आडवं झालेलं.
वेदीच्या बरोब्बर खाली पैसेवाले,
त्यांच्या पायथ्याशी त्यांचे वकील,
आणि तिकडे, बल्ब पोचत नाही तिथं,
बंदरावर विकत घेतलेली माणसं.
चुन्यानं भेद केला नाही, सगळ्यांना सारखंच खाल्लं.
मग शिकलेले लोक आले, ब्रश घेऊन.
त्यांनी माणसं मोडली आणि हाडं लावली.
मांड्यांजवळ मांड्या,
कवट्यांजवळ कवट्या,
बाजारात आमच्या बायका बटाटे लावतात तशा,
जात बघून, आकार बघून.
ही विहीर पाहा. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक.
सगळे म्हणतात, सुंदर.
आहेच सुंदर.

माझी लेक चिडवते: आई, तू हाडाची गाईड.
मी म्हणते, हाडांची. एक टिंब वाढव.

काय विचारलंस, चष्म्याला चिकटपट्टीवाल्या?
यात एक तरी माणूस पूर्ण आहे का?

पुढे चला. कठड्याला टेकू नका.

माझा भाऊ एलादियो.
आयाकुचोच्या वर, जिथं बस संपते त्याच्याही वर आमचं घर.
चौऱ्याऐंशी साली रात्री नेला.
कुणी नेला ते आई अजून सांगत नाही.
बूट होते, एवढंच म्हणते.
वीस वर्षांनी चर्चच्या हॉलमध्ये कपडे मांडले होते,
जमिनीवर, कागदावर, रांगेनं.
खड्ड्यातून निघालेले. धुतलेले नव्हते.
माणसं वाकून वाकून पुढे सरकत होती,
कुणी बोलत नव्हतं.
आई एका स्वेटरपाशी बसली.
कोपरावर हिरव्या लोकरीचा रफू.
तपकिरी संपली होती त्या हिवाळ्यात.
ती म्हणाली, टाका माझा आहे.
त्यांनी विचारलं, नक्की?
तिनं रागानं स्वेटर उलटा केला, आतली गाठ दाखवली.
खोका दिला त्यांनी. एवढासा.
अकरा तास बसमध्ये मांडीवर घेऊन बसले मी.
वळणावर आत काहीतरी सरकायचं
आणि आई खोक्यावर हात ठेवायची,
झोपेत दचकणाऱ्या पोरावर ठेवतात तसा.

तर, नाही. पूर्ण नव्हता.
इथंही कुणी नाही.
हे माहितीपत्रकात नाही, बाईंना सांगू नकोस.

संध्याकाळी दिवे घालवायच्या आधी
मी एखादं हाड हातात घेते. नियमात बसत नाही.
कधी मनगटाचं, कधी टाचेचं.
टाका शोधायची सवय लागली की डोळ्यांना,
हाडावर टाका नसतो हे कळूनही सुटत नाही.

चला, झाली वेळ. जिना तोच, दार तेच,
वर धुकं उतरलं असेल, अंगावर शाली घ्या.
फरशी? तिसऱ्या खांबामागे, दाखवते जाताना.
डोकं सां…

लागलं ना? किती वेळा सांगितलं.
ये इकडे. बघू.
काही नाही, नुसतं हाडावर लागलंय.
रक्त नाही. थांब, चोळते.
हलू नकोस.
नाव काय तुझं?